मास्तरांच्या दहा बोटांचा राखणदार

मी एक जुना लोहचुंबक आहे. मित्रांनो, माझं रूप बघून नाक मुरडू नका. मी काळा, गोल, मध्ये भोक असलेला आणि एका कडेला कपचा उडालेला आहे. माझा जन्म एका भोंग्याच्या पोटात झाला. भोंगा फुटल्यावर दुरुस्तीवाल्याने मला बाहेर काढलं आणि शेजारच्या शिंप्याच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे काकूंनी माझ्यात दोरी ओवली आणि मला नोकरी लागली.

काकू म्हणजे शिंपीमास्तरांची बायको. मास्तर मशीन चालवायचे, काकू काज-बटणं करायच्या. दुकान बंद करताना त्या मला फरशीवरून ओढत न्यायच्या आणि दिवसभर सांडलेल्या टाचण्या, मोडक्या सुया मी पटापट टिपायचो. गिऱ्हाईक मात्र फरशीचं कौतुक करायचं! मी आपला चिंध्यांच्या डब्यात पडलेला. खूप वाईट वाटायचं.

मास्तरांना बारा वर्षांपासून मधुमेह होता, तरी मशीन चालवायचे अनवाणीच. चपलेतून पायडल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"अहो, खाली सुया असतात," काकू बजावायच्या.

मास्तर तळवा थोपटून दाखवायचे. "दोन वर्षांत एकदा तरी टोचलंय का मला? शिंप्याचे पाय आहेत हे!"

खरंच टोचत नव्हतं. त्या पायांचा मलाही दरारा वाटायचा. मी किती खुळा होतो!

एका संध्याकाळी मास्तर शेवटची शिवण मारत होते. काकूंनी मला मशीनखाली सोडलं. मी नेहमीच्या कोपऱ्याकडे निघालो, पण मध्येच बाजूला खेचला गेलो आणि थेट मास्तरांच्या टाचेला चिकटलो. काकू वाकून बघतात तो काय, टाचेत मोडकी सुई रुतलेली! भोवती लाल झालं होतं.

"मशीन थांबवा! पायात सुई आहे."

"छे! सुई असती तर मी बोंब मारली नसती?"

काकूंनी मला अलगद सोडवलं आणि टाचेखाली आरसा धरला. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. ते स्वतःच सुई उपसायला निघाले, पण काकूंनी हात धरला आणि तडक दवाखाना गाठला. मी त्यांच्या पिशवीत होतोच.

डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, जखम धुतली. "दुखत नाही म्हणजे पाय दणकट नाहीत, मास्तर. त्यांची जाणीव गेलीय. आत पू धरायला लागलाय. आणखी चार दिवस गेले असते, तर पाय वाचवणं कठीण होतं."

पाच आठवडे मशीन मुकं होतं. मलमपट्टी, औषधं, साखरेवर पहारा, सगळं काकूंनी डोळ्यांत तेल घालून केलं. मास्तर पुन्हा पायडल मारतील ना, या काळजीने मी झुरत होतो.

आणि एके सकाळी पट्टी सुटली. टाच भरून आली होती! मास्तर मऊ, बंद बूट घालून मशीनवर बसले. त्यांनी पहिली वस्तू शिवली ती माझ्यासाठी, लाल मखमलीची पिशवी. गिऱ्हाइकांना ते सांगतात, "हा आमचा मोठा डॉक्टर." माझी छाती फुगते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर रोज त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघा. दुखायची वाट बघू नका. आमच्याकडे आता आधी मी फरशी बघतो, मग काकू आरसा घेऊन पाय बघतात. मास्तर मोठ्याने बोटं मोजतात आणि दहा म्हणताना माझ्याकडे बघून हसतात.