मच्छिंद्रशेठ आणि प्रयोगशाळेतला फवारा

दीनानाथ सरांच्या प्रयोगशाळेत आजवर एकही अपघात झाला नव्हता. याचं मुख्य कारण असं, की तिथे सहसा प्रयोगच होत नसत.

सदाशिव पेठेतल्या त्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर सरांचं राज्य होतं. मुलांनी चष्मे लावायचे, अंगात एप्रन घालायचे, मुलींनी वेण्या वर बांधायच्या आणि एवढी तयारी करून पिवळ्या रेघेमागे उभं राहायचं. बर्नर सर पेटवणार, परीक्षानळी सर धरणार, निरीक्षण तेवढं मुलांनी लिहायचं. भिंतीवर सरांच्या वळणदार अक्षरात पाटी होती : 'आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. शंका असल्यास आधी घरच्यांचा निरोप घ्यावा.'

पण सरांना कमी वाटायची ती एकाच गोष्टीची. अंगावर रसायन सांडलं तर डोक्यावरून धो धो पाणी ओतणारा फवारा त्यांच्याकडे नव्हता. पालकसभेत मांजरी गावचे मच्छिंद्रशेठ उभे राहिले आणि "शाळेला काय पायजे ते सांगा," म्हणाले, तेव्हा मुख्याध्यापिका हेमाबाईंच्या तोंडावर 'प्रोजेक्टर' हा शब्द आलाच होता. तेवढ्यात सर म्हणाले, "शॉवर."

"शॉवर?" मच्छिंद्रशेठ चक्रावले. त्यांची वाडवडिलांची उसाची शेती. त्यातल्या निम्म्या जमिनीवर आता त्यांनीच बांधलेल्या सोसायट्या. मुलगी उत्कर्षा याच शाळेत नववीला. "पोरं घरून आंघोळ करून येत न्हाईत का?"

सरांनी समजावलं. शेठना पटलं. महिन्याभरात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात हिरवा पाइप उभा राहिला. वर थाळीएवढी जाळी आणि हाताला येईल अशी ओढायची कडी.

सरांचं मन मात्र त्या दिवसापासून दुभंगलं. अपघात व्हावा अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण व्हायचाच असेल तर लहानसा व्हावा, कुणाला काही होऊ नये आणि आपण जवळपास असावं, एवढं त्यांना आतून वाटे. शाळा सुटल्यावर ते कडीकडे बघत उभे राहत.

विज्ञान दिनाला उद्घाटन ठरलं. फेब्रुवारी सरत आला होता, ऊन चटके देत होतं. मच्छिंद्रशेठ पांढराशुभ्र कुडता घालून आले. सरांनी त्यांना दारातच चष्मा लावायला लावला. एप्रन त्यांच्या पोटाला पुरेना, तेव्हा सर नाराजीनं म्हणाले, "आपण निदान कशाला हात लावू नका."

नववीचा वर्ग रेघेमागे. टेबलावर सरांनी रसायनांचे बीकर मांडलेले. त्यातल्या एकात दर्शक घातलेलं अल्क गुलाबी दिसत होतं. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. सर जाळीकडे मान वर करून पाण्याचा दाब समजावू लागले.

इकडे हेमाबाई ट्रे घेऊन आल्या. त्यांचा विषय इतिहास. पाहुण्यांसाठी त्यांनी कोकम सरबत केलं होतं, पण काचेचे चांगले ग्लास ज्या कपाटात होते त्याची किल्ली क्लार्कच्या खिशात आणि क्लार्क रजेवर. मग त्यांनी स्टोअरमधले नवेकोरे बीकर खोक्यातून काढून धुऊन घेतले होते. इतिहासाच्या नजरेला ते ग्लासच होते, वर ओतायला चोचसुद्धा.

नेमके तेव्हाच मच्छिंद्रशेठ शेजारच्या शिक्षकांना आपल्या सोसायटीतला पोहण्याचा तलाव केवढा आहे ते हात पसरून दाखवत होते. हात ट्रेला लागला. अख्खा बीकर त्यांच्या छातीवर, शिंतोडे थेट कानापर्यंत.

सरांनी वळून पाहिलं. बीकर. पांढरा कुडता. त्यावर लालगुलाबी ओघळ.

"सगळे मागे!" सर गरजले. मच्छिंद्रशेठना दंडाला धरून त्यांनी जाळीखाली उभं केलं आणि इतके दिवस नुसती बघितलेली कडी खसकन ओढली.

पाणी असं कोसळलं की शेठ क्षणभर दिसेनासे झाले.

"अहो सर, ते—" हेमाबाई पुढे झाल्या.

"बोलू नका! वाफ नाकात जाईल!" सरांनी एव्हाना ओंजळीचा आडोसा करून निळी लिटमस पट्टी कुडत्याच्या बाहीला लावली होती. पट्टी लाल झाली. सरांचा चेहरा पांढरा झाला. गुलाबी दर्शक म्हणजे अल्क. लिटमस म्हणते आम्ल. दोन्ही एकदम कसं असेल? "अज्ञात रसायन आहे!" ते ओरडले. "पंधरा मिनिटं पाणी! कुडता काढा!"

"पोरांसमोर?" पाण्यातून आवाज आला.

"रसायनाला लाज नसते, साहेब!"

कुडता निघाला. मच्छिंद्रशेठ बनियनवर, डोळ्यांवर चष्मा, हात जोडलेले. उत्कर्षाने तोंडावर वही धरली होती.

हेमाबाई मात्र गप्प झाल्या होत्या. 'प्रयोगशाळेत खाद्यपेये आणणाऱ्याची गय केली जाणार नाही' ही सूचना दारावर होती आणि खाली सही त्यांचीच होती.

तेवढ्यात शेठनी ओठांवरून जीभ फिरवली. "सर, हे गोड लागतंय."

"चाखलंत?" सर किंचाळले. "अहो, शिशाचा क्षारही गोड लागतो! चूळ भरा! गिळू नका!"

शेठनी घाबरून चूळ भरली. पुन्हा भरली. त्या फवाऱ्याखाली तोंड उघडं ठेवलं की चूळ आपोआपच भरत होती.

"पप्पा," उत्कर्षा रेघेमागूनच ओरडली, "तुमच्या कानावर जिरं हाय!"

सर थबकले. चिमटा घेऊन त्यांनी शेठच्या कानावरून तो दाणा अलगद उचलला, भिंगाखाली धरला, उलटा केला. एकदा हुंगला, तोही नियमाप्रमाणे, लांबून, हाताने वारा घेत. जिरं होतं. भाजलेलं.

"कोकम आहे हो ते," हेमाबाई अगदी हळू म्हणाल्या. "मीच आणलं. बीकरमधून."

सरांचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा अपघात झाला, तोही सरबताचा; आणि त्यापायी शाळेच्या देणगीदाराला आपण बनियनवर उभं केलं. फवारा बंद करायला त्यांनी हात वर नेला.

"थांबा हो," मच्छिंद्रशेठ म्हणाले. "बरं वाटतंय. आन् मला भाषणही करायचं हाय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि धारेखालीच बोलू लागले. "पोरांनो, मी लहान असताना आमच्या गुऱ्हाळावर चुलत्याच्या पायावर उकळता रस सांडला. सगळी पळत सुटली. एक हळद आणायला, एक शाई आणायला, एक देवऋषाला बोलवायला. पाण्याची मोटार शेजारीच चालू हुती. कुणाला सुचलं न्हाई. चुलता शेवटपर्यंत लंगडत चालला." त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. "ह्या मास्तरानं मला इचारलंसुद्धा न्हाई. आधी पाण्याखाली घातलं. असाच माणूस पायजे."

टाळ्या वाजल्या. रेघेमागची मुलं वाजवता वाजवता रेघेच्या पुढे आली आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग जमिनीकडे लक्ष गेलं. फवारा बसवणाऱ्यांनी पाणी यायची सोय चोख केली होती, जायची केलीच नव्हती. पाणी दाराबाहेर पडून जिन्यावरून उतरत होतं आणि खालून कुणीतरी ओरडत होतं, "टाकी वाहतेय का हो?" सरांनी कडी वर ढकलली. सगळे खराटे आणि फडकी घेऊन लागले. हेमाबाईंनी पदर खोचला. मच्छिंद्रशेठ सरांचा एप्रन उलटा बांधून पाणी लोटत होते आणि "उद्या गटाराचा माणूस धाडतो," असं दर जिन्याला सांगत होते.

त्या रात्री सरांना फार छान झोप लागली.

सोमवारी तास सुरू झाला. सरांनी बर्नर टेबलाच्या मध्यभागी ठेवला, काडेपेटी हातात घेतली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढे केली. "उत्कर्षा, तू पेटव."

उत्कर्षाने आधी पायापुढच्या पिवळ्या रेघेकडे पाहिलं.

"मी?"

"केस बांधलेत. चष्मा आहे. पाणी तिथे आहे. मी इथे आहे. आणखी काय हवंय?"

पहिली काडी तुटली. दुसरी विझली. सर श्वास रोखून उभे. तिसरीला भप्पकन ज्योत उठली आणि निळी, स्थिर झाली. उत्कर्षाने मोरचुदात बुडवलेली तार त्यात धरली आणि ज्योत हिरवीगार झाली.

"आईशप्पथ!" मागून कुणीतरी म्हणालं.

"शाळेत शपथा घ्यायच्या नाहीत," सर म्हणाले आणि पुढे वाकले. "परत धर गं जरा. मला नीट दिसलं नाही."