हमामातले पाणी

"आत कोण कोण अंघोळ करतंय?" इत्झेलने विचारले. ती पुरुषांच्या दालनाच्या दाराशी, आमच्याकडे पाठ करून, भिंतीशी बोलत उभी होती.

"मी एकटाच," वाफेतून फिदेन्सियोचा आवाज आला. "बाकीचे बाहेर बाकावर कपडे काढताहेत."

"मग पाणी एवढं का वाजतंय? सहा तरी शॉवर चालू असतील."

"सहा कसले, सगळे चालू आहेत. दालन तापायला नको? तुझ्या जन्माआधीपासून असंच चालतं इथं, पोरी."

"खाली कुणी उभं नसताना?"

"का? एकटं सोडलं की पाणी घाबरतं?"

बाकावर हशा पिकला. इत्झेल भिंतीकडे बघून हसली आणि मागे बॉयलरच्या खोलीत गेली. तिथे नाबोर होता.

मेक्सिको शहराच्या आमच्या भागात घरच्या नळाला दिवसाआड पाणी येते. त्यामुळे दोन्या, म्हणजे मालकीणबाई, ओतिलियाचा हमाम ही आमची शनिवारची चैन होती. मी काउंटरवर साबण आणि घासणी देत असे, आणि भिंतीपलीकडचा बॉयलर नाबोर सांभाळत असे. मिसरूड फुटायच्या आधी तो इथे लागला. ठेंगणा, जाड मानेचा, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. सगळे त्याला मास्तर म्हणत. आत वाफ विरळ झाली की गिऱ्हाइके चप्पल काढून भिंत बडवत, "मास्तर, आग!" आणि नाबोर ज्योत वाढवी. आपल्या हमामात गरम पाणी कधी संपले नाही, हा त्याचा अभिमान. बायको वारली तेव्हाही तो तिसऱ्या दिवशी कामावर आला होता. घरी बसून काय करू, म्हणाला.

यंदा मात्र दोन्याने त्याला समोर बसवून सांगितले, "मास्तर, गॅस आणि पाण्याचे टँकर मला खाऊन टाकताहेत. एक माणूस गाड्या लावायला ही जागा मागतोय. नाताळपर्यंत खर्च खाली आला नाही तर मी देणार. मग आपण दोघं फाटकाशी उभे राहून गाड्यांना शिट्ट्या मारू."

नाबोर हसला, पण त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

इत्झेल दोन्याची भाची, शिकलेली इंजिनियर. आठवडाभर ती बादली आणि घड्याळ घेऊन हमामभर फिरली आणि त्या सकाळी नाबोरशेजारी उलट्या डब्यावर बसली.

"मास्तर, बॉयलर एकच. शॉवरचं पाणीही तोच तापवतो, वाफही तोच करतो. लोकांना वाफ कमी वाटली की ते शॉवर सोडतात. शॉवर सोडले की बॉयलरमध्ये थंड पाणी शिरतं. मग वाफ आणखी कमी."

"मग ते भिंत बडवतात," नाबोर म्हणाला.

"मग तुम्ही आग वाढवता."

"मग ते खूश होऊन आणखी दोन शॉवर सोडतात." नाबोरने टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा घातली. "आयला!"

"आणि तेवढा गॅस जळून या शहराच्या आभाळात जातो. तिथं आधीच जागा नाही."

"माझ्या चिमणीतून धूर निघत नाही, इंजिनियरबाई. मी ज्योत निळी ठेवतो."

"निळ्या ज्योतीचाही वायू वरच जातो. दिसत नाही, म्हणून कुणी तुम्हाला शिव्या देत नाही, एवढंच."

हे त्याला लागले. पुढे कितीतरी दिवस तो येता-जाता चिमणीकडे बघे.

कामे सुरू झाली. वाफ थंड होऊन तिचे झालेले गरम पाणी गटारात जात होते, ते नव्या पाइपाने बॉयलरकडे वळवले. गळत्या काढल्या. आणि डाव्या भिंतीला नवे शॉवर बसवले. बारीक भोकांचे, पाण्यात हवा मिसळणारे, निम्म्या पाण्यात भागणारे.

शनिवारी सगळी मंडळी उजव्या भिंतीला, जुन्या शॉवरखाली रांग लावून उभी राहिली. डावीकडे कुणी फिरकेना.

"हा शॉवर आहे की म्हाताऱ्या बोकडाची धार?" फिदेन्सियो कडाडला. तो जन्मभर लग्नांत ट्रम्पेट वाजवत आलेला माणूस, त्याचे साधे बोलणेही रस्त्यावर ऐकू जाई.

"कोंपाद्रे, दोस्ता, एकदा खाली उभा तर राहा," नाबोरने विनवले.

"मला जोर म्हणजे काय ते शिकवू नकोस. उजवीकडच्या शॉवरना हात लावलास तर पुढच्या शनिवारी आम्ही सगळे बाजारापलीकडच्या हमामात!"

दोन्या ओतिलिया काउंटरवर माझ्या शेजारीच होती. तिने नुसते डोळे मिटले. खर्च राहिला तरी हमाम जाणार, गिऱ्हाईक गेले तरी जाणार.

सोमवारी हमाम बंद असतो. मी फरशा घासत होतो. नाबोर दालनात गेला आणि कामाच्या कपड्यांनिशीच आधी जुन्या शॉवरखाली, मग नव्या शॉवरखाली डोळे मिटून उभा राहिला. चिंब होऊन बाहेर आला.

"मला फरक कळला नाही," तो इत्झेलला म्हणाला. "म्हणजे फिदेन्सियोच्या पाठीलाही कळणार नाही. भानगड डोळ्यांची आहे."

"मग? पट्टी बांधणार?"

"पट्टी कशाला? वाफ आहे ना."

शुक्रवारी संध्याकाळी त्याने शॉवरांची अदलाबदल केली. जुने डावीकडे, नवे उजवीकडे. आणि शनिवारी निलगिरीच्या फांद्या टाकून अशी वाफ सोडली की माझा हात मला दिसेना. मंडळी चाचपडत, एकमेकांच्या पायांवर पाय देत, शिव्या घालत नेहमीच्या उजव्या भिंतीला पोचली. डावीकडच्या चाव्यांना कुणी शिवले नाही.

"हे पाणी!" फिदेन्सियो गर्जला. "याला म्हणतात पाणी! माझा बाप मला या पाण्याखाली धरायचा! ते पलीकडचं नेऊन घाला इंजिनियरबाईच्या कुंड्यांना!"

दाराबाहेर इत्झेलने तोंडात पदराऐवजी टॉवेल कोंबला होता. फिदेन्सियोने दोन गाणी म्हटली, तिसरे सुरू केले. तेवढ्यात नाबोर दाराशी आला आणि त्याने छताच्या झरोक्याची दोरी ओढली.

वाफ हळूहळू वर गेली. आधी पोटे दिसली, मग चेहरे, मग शॉवर. गाणे मध्येच थांबले. फिदेन्सियो मान वर करून त्या बारीक भोकांकडे बघत राहिला. पाणी त्याच्या उघड्या तोंडात पडत होते.

"नाबोऱ्या," तो शेवटी म्हणाला, "तू मला अंघोळ घातलीस का गंडवलंस?"

"दोन्ही, कोंपाद्रे."

"आणि ही एवढी वाफ कुठून आणलीस?"

"आज भिंत कुणी बडवली का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितले. कुणीच बडवली नव्हती. मग मागे एक जण फिस्सकन हसला आणि ते हसू दालनभर झाले. सर्वांत मोठ्याने अर्थातच फिदेन्सियो हसला, आणि हसता हसता त्याने हात वर करून आपली चावी बंद केली. पुढे तर तो इतका कडक झाला की साबण लावताना कुणी पाणी चालू ठेवले की ट्रम्पेटच्या आवाजात त्याचा उद्धार होई.

नाताळाआधी जागा मागणारा माणूस पुन्हा आला. दोन्याने त्याला खुर्ची दिली, संत्र्याचा रस पाजला आणि गाडी दुसरीकडे लावायला सांगितली.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणी हिशेबात धरली नव्हती. बॉयलर आता लवकर तापे. पहाटे पेटवायची गरज उरली नाही. दोन्याने नाबोरला उजाडल्यावर यायला सांगितले तरी तो अंधारातच येई आणि गार बॉयलरशेजारी हात मांडीवर ठेवून बसे. दिवसाही त्याला फारसे काम नसे. पाणी पुरेसे तापले की ज्योत आपली आपण विझते. ती सोय यंत्रात पहिल्यापासून होती, पण हमाम उघडा असताना तिची पाळी कधी आलीच नव्हती.

एका शनिवारी फिदेन्सियोने आतून हाक मारली, "मास्तर! तिकडं काय अंडी उबवताय? आत या!"

इतक्या वर्षांत नाबोर कधी गिऱ्हाइकांबरोबर आत बसला नव्हता. हमाम बंद झाल्यावर उरल्या पाण्यात अंघोळ करून घरी जायचा. तो माझ्याकडे आला. मी त्याला साबण आणि घासणी दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. कपडे काढल्यावर दिसले, कोपरापर्यंत हात काळपट आणि बाकीचा माणूस गोरापान.

तो दारात आला. मग वरच्या पायरीवरची माणसे सरकली आणि कोपऱ्यात, बॉयलरच्या भिंतीला लागून, जिथे सगळ्यांत जास्त ऊब असते तिथे जागा झाली. नाबोर बसला. पाठ टेकली. कपाळावर घाम आला तसा त्याचा चेहरा सैल झाला.

तेवढ्यात भिंतीपलीकडचा ज्योतीचा आवाज थांबला. नाबोर अर्धा उठला.

"विझली," तो म्हणाला.

"विझू दे," फिदेन्सियो म्हणाला आणि त्याच्या पाठीला साबण लावू लागला.

नाबोर हळूच खाली बसला. कान मात्र भिंतीला लावूनच.