बर्फाशिवाय आलेली समिती

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. बाकावर बसलाच आहात, आत डायलिसिसची मशिनं चालू आहेत, तुमच्या माणसांना सुटायला वेळ आहे; तोवर ऐका तर खरं.

आपल्या डॉक्टरीणबाईंचं डोकं फिरलं, त्या दिवसाची गोष्ट. या भागातल्या धडधाकट, निर्व्यसनी माणसांच्या किडन्या का वाळतात, हे शोधायचा त्यांनी पणच केला होता. हौस म्हणून नव्हे. त्यांचा सख्खा थोरला भाऊ आत मशिनीला लागलेला, आणि आता धाकट्याच्याही पायांवर सूज दिसायला लागलेली. कारण सापडलं तर धाकटा तरी वाचेल, एवढ्यातच त्यांचा जीव अडकलेला.

अशा संशोधनाला सरकार पैसा देतं. देतं म्हणजे राजधानीतल्या मोठ्या संस्थेला देतं, जिथं या दुखण्याचा रोगी औषधालाही सापडायचा नाही. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. बाईंनी मागितलं, इथं एक फ्रीजर द्या, लहानशी प्रयोगशाळा द्या. उत्तर आलं, तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही, सबब प्रयोगशाळेसाठी पैसा देता येत नाही. म्हणजे जेवलेल्यालाच ताट वाढायचं.

तोवर रोग्यांचं रक्त तपासायला आमच्याकडे पाठवा, म्हणाले. बाई पाठवायच्या. गाडी वाटेत गावोगाव थांबायची, बर्फाचं पाणी व्हायचं, रक्त नासायचं. तिकडून शेरा यायचा, नमुना तपासण्यास अयोग्य. आणि वर्षअखेरीला पैसा वाटणाऱ्या तिथल्या समितीनं काय ठरवावं? या भागातले नमुनेच निकृष्ट, तेव्हा निधी देऊ नये. फ्रीजर यांच्या बुडाखाली आणि खोट आमच्या रक्तात. मेल्यांना नकाशात हे गाव बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

बाईंचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशीही चढला नाही. त्यांनी समितीला पाहणीचं आमंत्रण धाडलं आणि आणायला गाडी पाठवली. कुठली? तीच, रक्ताची. ड्रायव्हरला बजावलं, नेहमीच्या सगळ्या थांब्यांवर थांब, चहाला जरा जास्तच. मागचं दार मात्र उघडू नकोस, माल नाजूक आहे.

काय सांगू, समिती उतरली नाही, ओतली गेली. अध्यक्षांचा टाय जिभेसारखा बाहेर लोंबत होता. एक तज्ज्ञ तर वाटेत इतका आटला, की त्याला चष्म्याच्या घरात घालून आत आणावा लागला. बाईंनी सगळ्यांना ओळीनं टेबलांवर मांडलं, हातमोजे चढवले, एकेकाची पापणी वर करून पाहिली आणि कपाळावर चिठ्ठी डकवली: नमुना तपासण्यास अयोग्य.

अध्यक्ष कण्हले, "बाई, निघालो तेव्हा आम्ही चांगले होतो हो."

"रक्तही चांगलंच होतं," बाई म्हणाल्या. "निघालं तेव्हा माझ्या भावाचं होतं. तुमच्या दारात पोचलं आणि निकृष्ट झालं."

त्यावर अध्यक्षांना जो घाम फुटला म्हणता! पडल्या पडल्याच त्यांनी प्रयोगशाळा मंजूर केली, आणि फ्रीजर असा धाडला, असा धाडला, की त्यात अख्खी समिती उभी—

"पुरे करा, काका."

बाकाच्या टोकाला बाईंची वहिनी बसली होती, मांडीवर नवऱ्याचा सदरा घेऊन. इतका वेळ सगळ्यांबरोबर तीही हसत होती.

"समिती आलीच नव्हती," ती म्हणाली. "धाकट्या भाऊजींचं रक्त आज सकाळीच गेलंय. त्याच गाडीतनं."