कानबाईच्या गाडीवरचा कीबोर्ड

मला राग चटकन येतो, हे आधीच सांगून टाकतो. त्या रविवारी पर्वत पाटिया भागातल्या वाद्यांच्या दुकानात मी माझ्या पोरीवर, जयश्रीवर, चारचौघांत खेकसलो. कारण एवढंच, की मी पसंत केलेल्या कीबोर्डकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मी भटू. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं कापड रंगवतोय आणि आमच्या खानदेशी पार्टीत ढोलकी वाजवतो. भाईदासदादा पार्टीचे प्रमुख आणि इंदुबाई गाणाऱ्या. वय सत्तर, पण आवाज असा की माईक नसला तरी चालेल. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. सोमवारी सकाळी देवीला विसर्जनाला तापीवर न्यायचं, आणि पुढे छोट्या टेम्पोवर आमची पार्टी वाजत जाते. गेल्या वर्षी जुना कीबोर्ड ऐन मिरवणुकीत बंद पडला. तो वाजवणारा ललितही नंतर बडोद्याला निघून गेला.

जयश्री ललितकडेच शिकली. कॉलेज सांभाळून चार वर्षं रोज सराव केला तिने. तरी दादांनी ठरवलं, वाजवणारा धुळ्याहून आणायचा. "पोरीला त्यातलं कळतं, तिने कीबोर्ड निवडून द्यावा. पण गाडीवर चार तास ऊन, गर्दी, समोर नाचणारी पोरं. तिथे पोरीचं काय काम?" बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून ढोलकीची दोरी ओढत बसलो. जयश्री दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

तर दुकानात दादा आणि इंदुबाईही आमच्यासोबत आले होते, आणि मी सगळ्यात लांब कीबोर्ड धरून बसलो होतो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, काळाभोर, चकचकीत. गाडीवर ठेवला की आमच्या अख्ख्या भेस्तानला दिसला पाहिजे!

"बाबा, हा उचलायला दोन माणसं लागतात," जयश्री म्हणाली. "गाडीवर जनरेटर, दोन स्पीकर, इंदुआजी, तुम्ही. हा ठेवायचा कुठे, तुमच्या डोक्यावर?"

दुकानदार फिस्सकन हसला आणि मी पेटलो. काय बोललो ते लिहीत नाही.

तिने एकसष्ट पट्ट्यांचे दोन कीबोर्ड निवडले आणि दुकानदाराला म्हणाली, "हे जरा बाहेर फुटपाथवर घ्या."

"बहार? तडकामां?" तो गुजराती माणूस बघतच राहिला.

भर उन्हात दोन्ही चालू केले. एकाचा मोठा, रंगीत पडदा आत कसा झगमगत होता! बाहेर त्यावर फक्त आमचीच तोंडं दिसायला लागली. दुसरा दिसायला साधा होता, पण त्याची बटणं मोठी आणि अक्षरं स्पष्ट. मिलमध्ये आम्ही ट्यूबलाईटखाली रंगाची शेड कधीच पास करत नाही, कापड दाराशी उजेडात नेऊन बघतो. जेवताना हे मी घरात शंभरदा सांगितलं असेल. पोरगी ऐकत होती तर!

मग आत येऊन तिने इंदुबाईंना स्टुलावर बसवलं. इंदुबाई कोणाकडून सूर घेत नाहीत. त्यांना जो लागेल तो सूर, आणि रंगात आल्या की गाण्याच्या मधेच तो वर चढतो. ललित दरवेळी थांबून त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचा.

"मी वर गयी तं तूबी वर येजो, माय," इंदुबाईंनी बजावलं आणि डोळे मिटून कानबाईचं गाणं सुरू केलं.

पहिल्या कीबोर्डवर जयश्रीने सूर चढवला तसा आवाज क्षणभर तुटला. इंदुबाईंनी डोळे उघडले. "काय व, लाईट गयी का?"

जयश्री साध्या कीबोर्डवर गेली. डावा हात सूर बदलायच्या बटणावर, उजवा पट्ट्यांवर, आणि नजर इंदुबाईंच्या गळ्यावर. इंदुबाई चढल्या, कीबोर्ड चढला. त्या खाली आल्या, तोही आला. कुठे सांधा म्हणून दिसला नाही. गाणं न थांबता शेवटापर्यंत गेलं आणि इंदुबाईंना काही कळलंसुद्धा नाही. दुकानातलं गिऱ्हाईक टाळ्या वाजवत होतं. इतकी वर्षं ढोलकी बडवतोय, पण इंदुबाईंना असं सांभाळून घेणारा मला अजून भेटला नव्हता.

"हाच घ्या," दादा खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "धुळ्याला कळवून टाकतो, म्हणजे तो यावरच सराव करून येईल."

जयश्रीने पट्ट्यांवरचे हात काढले. वाकून वायर काढायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, कारण मी पुन्हा मान खालीच घालणार हे तिला ठाऊक होतं. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"दादा, फोन ठेवा," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "धुळानाले बलावू नका. मनी आंडेर वाजाडी, मनी जयश्री."

"भटू, लोके काय म्हनतीन?"

"लोके म्हनतीन, भटूनी आंडेर वाजाडस. मालेबी तेच आयकनं शे."

दादा इंदुबाईंकडे बघायला लागले. इंदुबाईंनी स्टूल कीबोर्डच्या आणखी जवळ सरकवलं. दादांनी फोन खिशात घातला.

जयश्री वायर हातात घेऊन तशीच उभी होती. मग तिने ती पुन्हा जोडली, बसली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "बाबा, ठेका धरा."

ढोलकी घरी होती. मी दुकानदाराच्या काउंटरवरच थाप टाकली.