दाजींची चावी

गाडीतून काढलेला स्टार्टर मेस्त्रीने फडक्यावर ठेवला, मागचं झाकण उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. आतले कार्बनचे ठोकळे झिजून नखाएवढे उरले होते. एखाद्या टॅक्सीत असं निघालं असतं तर तो चकार शब्द बोलला नसता. पण ही गाडी त्याच्या सख्ख्या बहिणीची, अक्काची. डायलिसिसला जायची, यायची, की झाकून उभी. एवढ्यावर स्टार्टर मरतो होय?

"दाजी, खरं सांगा. एवढी गाडी कोण फिरवतं?"

अक्काचा नवरा गॅरेजच्या दारात चावीची रिंग बोटात फिरवत उभा होता. "फिरवत कोणीच नाही. मी आपलं सुरू करून बघतो. सकाळी एकदा, आंघोळ झाल्यावर एकदा, मग जेवायच्या आधी... होते की नाही तेवढंच. लगेच बंद करतो."

"कधीपासून चाललंय हे?"

"हिचं नाव किडनीच्या यादीत लागलं तेव्हापासून."

बाकावर बसलेली अक्का म्हणाली, "माझी नाडी धरत नाहीत एवढ्या वेळा. गाडीची मात्र दिवसभर बघतात."

मेस्त्रीला हसू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "सुरू होते का हे बघून बघून तुम्हीच मारलीत ती. बॅटरीसुद्धा रिकामी केलीत. शिकलीसवरली माणसं तुम्ही, मला तरी विचारायचं."

दाजींच्या बोटातली रिंग थांबली. काय विचारणार बिचारे? किडनी मिळाली की मोठ्या दवाखान्यातून फोन येणार, लगोलग निघायचं, आणि उशीर झाला तर ती पुढच्या पेशंटला जाणार. रस्ता दोन तासांचा. गाडी बिनगिअरची, अक्काच्या सुया टोचून सुजलेल्या हाताला त्रास नको म्हणून घेतलेली. ती ढकलून सुरू होत नाही. त्या एका चावीवर या माणसाने सगळा जीव टांगून ठेवला होता.

आणि नेमका तेव्हाच अक्काचा फोन वाजला.

अक्का दोनदा "हो" म्हणाली, एकदा "निघतो" म्हणाली. फोन ठेवून तिने दोघांकडे पाहिलं. "मिळालीय. लगेच बोलावलंय."

दाजी चावी मुठीत धरून गाडीकडे वळले. मेस्त्रीने भाड्याच्या गाडीवाल्याला फोन लावला, तर त्याला नुसतं यायलाच तास लागणार होता. घरची म्हणाल तर एक फटफटी, आणि तिच्यावर अक्काला बसवणं म्हणजे दवाखान्याच्या आधीच नको ते व्हायचं.

"नवा स्टार्टर आणलेलाच आहे. तासाच्या आत चढवतो," मेस्त्री म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

बोलून तर बसला. खालचा बोल्ट पटकन लागला. वरचा दिसत नाही, तो नुसत्या बोटांनी चाचपून लावायचा. एरवी डोळे मिटून लावला असता. आज बोटं ऐकेनात. बोल्ट निसटला, कुठेतरी टण्णकन आपटला आणि गडप झाला. मेस्त्रीने दात आवळून एक शिवी गिळली, पत्र्यामागे हात घालून शोधला, कोपर सोलून घेतलं आणि पुन्हा भोकाशी नेला. या खेपेला आटे धरले.

तेवढ्यात डोक्यावर खट्ट झालं. चावी फिरल्याचा आवाज.

स्टार्टरला जोडायच्या तारेचं टोक मेस्त्रीच्या बोटांत होतं. स्टार्टरला हात लावायच्या आधी बॅटरी गाडीबाहेर, ही त्याची सवय. बॅटरी चार्जिंगला कोपऱ्यात होती, म्हणून काही झालं नाही. नाहीतर ठिणगी उडून हात भाजून निघाला असता.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "खाली उतरा."

"मी फक्त बघत होतो..."

"उतरा म्हणतो ना."

अक्काने नवऱ्याला दंडाला धरून बाकावर आणलं आणि त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर दाबून धरला. "इथे बसा. माझी नाडी बघा आता." दाजींनी खरंच तिचं मनगट धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मेस्त्रीने तारा आवळल्या, बॅटरी बसवली, प्रत्येक नट पुन्हा ओढून पाहिला. घामाने डोळे चरचरत होते. अक्का पुढे बसली, दाजी स्टिअरिंगवर.

"फिरवा."

दाजींची बोटं चावीपर्यंत गेली आणि तिथेच अडली. दिवसभर ज्यांना चैन पडत नव्हतं, त्यांना आता ती फिरवता येईना. "नाही झाली तर, मेस्त्री?"

अक्काने शेजारून हात लांबवला आणि चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. मेस्त्रीने बॉनेट आपटलं आणि काळ्या हातांनीच मागे जाऊन बसला.

दवाखान्यात दोन परिचारिका वाट बघत होत्या. वेळेत आलात म्हणाल्या आणि अक्काला खुर्चीवर बसवून आत नेलं. अक्काची पिशवी घेऊन मेस्त्री दारापर्यंत गेला. "गाडी लावून आलोच," म्हणणारे दाजी काही येईनात, तेव्हा तो शोधायला बाहेर आला.

गाडी नीट रेषेत लावलेली होती. दाजी आत बसून होते आणि इंजिन चालूच होतं.

"बंद करा, दाजी."

"पुन्हा सुरू झाली नाही तर?"

मेस्त्रीच्या जिभेवर नेहमीचं काहीतरी खोचक आलं होतं. ते त्याने आवरलं. खिडकीतून हात आत घालून त्याने दाजींच्या हातावर ठेवला. "नाही झाली तरी चालेल आता. अक्काला आत घेतलंय. पोहोचलो आपण."

दाजींनी चावी फिरवली, बाहेर काढली आणि मेस्त्रीच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्याकडेच असू दे," ते म्हणाले.