खिशातला चेहरा

ठसा उचलला आणि सूनबाई बघतच राहिली. सासूबाईंचा चेहरा कागदावर हुबेहूब उमटला होता. बारीक डोळे, घट्ट मिटलेले ओठ, काही म्हणता काही राहिलं नव्हतं. फक्त डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर जाऊन बसला होता, आणि भांगही पलीकडे सरकला होता.

चूक तिचीच. खोडरबरावर ठसा कोरायचा तर चित्र आधी उलटं काढून घ्यावं लागतं, कारण छापताना ते पालटतं. पण आजवर तिने कोरली ती पानंफुलं. पान उलटं उमटलं म्हणून झाड काही तक्रार करत नाही. त्याच सवयीने तिने सासूबाईंचा फोटो समोर ठेवला आणि दिसला तसा कोरून टाकला. फोटोसुद्धा मोठ्या मिनतवारीने मिळालेला. सासूबाई फोटोला उभ्याच राहत नसत. रबराचा दुसरा तुकडाही घरात नव्हता.

तळहाताएवढं कार्ड मात्र देखणं झालं होतं. पुढे कागदाचा खिसा, खिशावर निळ्या आणि विटकरी शाईत पानांची नक्षी. खिशातून दोऱ्याने ओढून काढायची एक पट्टी, आणि त्या पट्टीवर हा चेहरा. आज सासूबाईंचा वाढदिवस. या घरात येऊन वर्ष होत आलं, पण तिच्या हातचं काही त्यांना आवडलं असं कधी कळलं नव्हतं. वाईटही बोलत नसत, हीच तर पंचाईत. तिने पडदे शिवले, त्यांनी वरखाली पाहून ‘हं’ केलं. स्वेटर विणला, तो ‘हं’ करून कपाटात गेला. आज तरी तो ‘हं’ ऐकायचा नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

शाईच्याच बोटांनी गालावरची बट मागे सारत तिने ओली पट्टी वाळवली आणि खिशात सरकवली. पट्टी काढून रिकामाच खिसा द्यावा का, असं मनात येतंय तोवर बेल वाजली. नणंद आईला फिरवून घेऊन आली होती, आणि तिची नजर टेबलावर गेलीच.

“अय्या, वहिनी! आईसाठी?” तिने दोरा ओढला, पट्टी पाहिली आणि खो-खो हसली. “अगं, तीळ कुठे नेऊन ठेवलास? वर्षभर एका घरात राहतेस, आईचं तोंड कधी नीट पाहिलंस तरी का?”

नणंद मनाची वाईट नव्हती, जिभेला हाड नव्हतं एवढंच. पण सूनबाईचा चेहरा उतरला.

“चुकलंच माझं. राहू द्या ते, आई. मी दुसरं करून देते.”

सासूबाईंनी चष्मा लावला, पट्टी घेतली आणि भिंतीवरच्या आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या. एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा आरशात. नणंदेचं हसू आपोआप थांबलं.

“चुकलं कुठे?” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी भांग पाडताना हीच तर भेटते मला.”

“अगं आई, फोटोत बघ ना...”

“फोटोतली बाई मला कधी ओळखीची वाटलीच नाही. तोंड वाकडं दिसतं तिचं. म्हणून तर फोटो म्हटलं की मी मागे सरते.” त्यांनी पट्टी अलगद खिशात सरकवली. “ती तुमची. ही माझी.”

सूनबाईचे डोळे भरून आले होते.

“शाई लागलीय तुझ्या गालाला,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. “इथे.”

तिने घाईघाईने पुसला तो नेमका दुसरा गाल.

सासूबाईंना हसू फुटलं. अंगठा जिभेला लावून त्यांनी तिची हनुवटी धरली आणि लहान मुलीचा पुसावा तसा तिचा गाल खसाखसा पुसून काढला. मग तोंड उजेडाकडे वळवून, वरखाली नीट पाहिलं.

“हं,” त्या म्हणाल्या.