दहाव्याचा शब्द

"कावळा काय शिवंना, बाबा!"

गावातल्या जाणत्या सावळाराम तात्यांनी कपाळावर आडवा हात धरून करंजाच्या झाडाकडे पाहिलं. झाडावर कावळे निवांत बसले होते. खाली गुंजवणी नदीच्या काठावर फुलाबाईच्या नावाचा पिंड, शेजारी तिला आवडणारी नाचणीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा. समोर तिचा थोरला लेक गेनबा, डोकं भादरून, उघड्या अंगानं उभा. भटजींना अजून एका गावचा दहावा गाठायचा होता. ते सारखा मोबाईल बघत होते.

"म्हातारीचा जीव अडकलाय कशात तरी," तात्या म्हणाले.

"कशात म्हंजी? नलूत!" मागून एक बाई बोलली. "दुसरं काय हाय?"

नलू ही गेनबाची धाकटी बहीण. सारोळ्याला दिलेली, हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला. नवऱ्यानं तापल्या उलथन्यानं दंडावर डाग दिला तशी ती माहेरी आली, आणि फुलाबाईनं तिला परत पाठवली नाही. गावाला मात्र सांगितलं, दोघांचं पटत नाही म्हणून. अब्रूपायी डाग झाकला. झाकायला नको होता, पण आयांना कोण सांगणार? मधला भाऊ इंद्रजित भोरला कचेरीत होता. त्याला डाग ठाऊक होता. "एका डागानं संसार मोडत्यात व्हय?" असं तो म्हणायचा. त्याची लेक वैष्णवी लग्नाला आलेली, आणि आत्या घरात बसलीय म्हटल्यावर स्थळं दारातूनच परतत होती.

मरायच्या आदल्या दिवशी फुलाबाईनं गेनबाला जवळ बसवलं होतं. "गेनू, माझ्या माघारी नलूला धाडू देऊ नगंस. दहाव्याला चारचौघांत तसा शब्द दे. मेल्या मानसाला दिल्याला शब्द कुनाच्या बापाला मोडता येत न्हाई."

हे सांगितलं कुणाला, तर गेनबाला! त्याची जीभ लहानपणापासून अडायची. 'न' आणि 'प' तर त्याचे हाडवैरी. एसटीत आपल्या गावचं, पालीचं तिकीट मागताना ओठ नुसते थडथडायचे. मग कंडक्टर देईल ते तिकीट घ्यायचं आणि उरलेली वाट चालायची. राजगडाची वाट विचारणारी पुण्याची पोरं त्याच्याशी हिंदीत बोलायला लागायची. आणि गाव? गावाला त्याची भारी माया. त्यानं तोंड उघडलं रे उघडलं, की कुणीतरी त्याचं वाक्य पुरं करून टाकायचं. चहा प्यायला गेला तर पुढ्यात भजी यायची आणि हा मुकाट खायचा. नाही म्हणायला 'न' लागतो ना!

थांबायची ती एक आई. तवा खाली उतरवून ठेवायची, पण मध्ये बोलायची नाही. म्हणून तिच्यापुढं त्याची जीभ सुटायची. तिच्यापुढं, आणि गोठ्यातल्या म्हशीपुढं. त्यामुळे लेकाला बोलता येतं अशी फुलाबाईची ठाम समजूत. तिथंच म्हातारी चुकली.

सुतकात गेनबानं रोज म्हशीपुढं घोकलं होतं. "नलू हितंच राहील. तिला कुनी हलवायचं न्हाई." घडाघडा यायचं.

आज त्याच्याआधी माइकवर भाषणं झाली. फुलाबाईला जन्मात न पाहिलेल्या पुढाऱ्यांनी तिला माऊली म्हटलं, थोर म्हटलं. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, ते काही खोटं नाही.

"गेनबा, थोरला हायस. बोल आता," तात्या म्हणाले.

गेनबानं हात जोडले. छातीत श्वास भरला. "न... न... न..."

मानेच्या शिरा तटतटल्या. डोळे मिटले. आई समोर बसलीय, तवा उतरवून, असं त्यानं मनाशी आणलं.

"न... नलू... नलू..."

"नलूचंच म्हनतोय बगा!" तात्यांना गहिवरून आलं. "नलूला नांदायला धाडतो, असंच ना रं? बिचाऱ्याला बोलता येत न्हाई. इंद्रजित, तू बोल त्याच्या वतीनं!"

गेनबानं जोरजोरात मान हलवली. ती कुणी पाहिलीच नाही. इंद्रजित पुढं झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आये, नलूला आमी नांदायला धाडतो! सुकानं जा!"

सगळ्यांनी हात जोडले, जरा मागं सरले. माणसं मागं सरली म्हणून असेल, भूक लागली म्हणून असेल, पण एक कावळा सरळ खाली आला.

"ह... हा... हाऽऽ!" गेनबा त्याच्या अंगावर धावला. तात्यांनी त्याला कवेत धरलं. "रडू दे त्याला. लई आईवेडा हाय."

कावळ्यानं पिंडाला चोच मारली. भटजींनी सामान आवरायला घेतलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सारोळ्याची जीप दारात आली. नवरा आत बसून राहिला. नलू पिशवी घेऊन गेनबापाशी आली. दंडावरचा पदर नीट करत हळूच म्हणाली, "दादा, तू शेवटाला आईजवळ व्हतास. मला नांदायला धाडा, असं खरंच म्हनली व्हती का रं ती?"

गेनबानं तोंड उघडलं. "न... न..."

नलू थांबली. आईसारखीच, त्याच्या तोंडाकडं बघत थांबली. त्याला वाटलं, आता येईल. जीभ टाळ्याला लागली होती, सुटतच होती. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. इंद्रजित ओरडला, "आटप गं नलू!"

"न... न..."

त्याची मानही हलत होती, पण शब्द अडला की ती नेहमीच हलायची. नलूनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "राहू दे, दादा. नको तरास करून घेऊ. म्हनलीच असंल. कावळा का उगं शिवतोय?"

ती गेली. जीप वळणाआड जाईपर्यंत गेनबाचे ओठ हलत होते.

मग तो गोठ्यात आला. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"नलू हितंच राहील," तो म्हणाला. "तिला कुनी हलवायचं न्हाई."

एक अक्षर अडलं नाही. म्हशीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं.